आधी घर की आधी गाव?



या आठवड्यात खरं तर रानभाज्यांबद्दल लिहायचं ठरवलं होतं. टाकळा, कुर्डू, शेवळं... यादीसुद्धा करून झाली होती. पण टपालात एक पत्र आलं आणि रानभाज्या मागे पडल्या. त्या पुढच्या वेळी.

पत्र आहे पोलादपूर तालुक्यातल्या कुडपण गावच्या एका मुलीचं. सातवीत शिकते. 'माझं नाव छापू नका' असं तिने एकदा वरती आणि एकदा खाली, दोनदा लिहिलंय, म्हणून नाव सांगत नाही. कुडपण तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. पोलादपूरहून वर वर चढत जाणारा वळणावळणाचा रस्ता, खाली दरी, आणि पावसाळ्यात चार पावलांवरचा माणूस दिसू नये असं धुकं. पण कुडपण माहीत नसलं तरी एक कुडपणकर तुम्हांला नक्की माहीत आहेत. तानाजी मालुसऱ्यांचे शेलारमामा! ते मूळचे कुडपणचे, असं त्या भागात सांगतात. तानाजींची समाधी ज्या उमरठला आहे तेही पोलादपूर तालुक्यातलंच.

तर या मुलीची तक्रार आहे तिच्या आजोबांबद्दल.

आजोबा मुंबईला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, आणि ते गावी परतले. तेव्हापासून गावाचं जे काही काम निघेल ते आजोबांचंच. डोंगरातल्या झऱ्यावरून येणारा पाण्याचा पाइप फुटला, बोलवा आजोबांना. शिमग्याची पालखी कुठे कुठे थांबणार, कोणाच्या अंगणात नाचणार, विचारा आजोबांना. गावकीचा हिशोब त्यांच्याच वहीत. मुंबईकर मंडळाला फोन करून वर्गणीची आठवण द्यायची, तीही त्यांनीच. आणि रात्री-अपरात्री कोणी आजारी पडलं की गाडी बघायला कंदील... नाही, आता बॅटरी घेऊन निघणारे आजोबाच. या सगळ्याचे पैसे? छे! उलट चहापाणी घरचं.

आजीचं म्हणणं एकच. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

इथवर ठीक होतं. पण गेल्या महिन्यात शाळेच्या सहलीसाठी डब्यात ठेवलेले पैसे आजोबांनी काढले आणि वाडीतल्या एका आजारी माणसाला महाडला न्यायच्या गाडीभाड्याला दिले. सहल गेली. ही राहिली. आजी दोन दिवस आजोबांशी बोलली नाही. आणि ही मुलगी लिहिते, 'तो माणूस बरा झाला, मला बरं वाटलं. पण मला रडूपण आलं. सगळे म्हणतात तुझे आजोबा देवमाणूस. मला त्यांचा राग आला होता. मी वाईट आहे का? आजोबांचं बरोबर की आजीचं?'

काय उत्तर देणार सांगा! मी दोन दिवस पत्र नुसतं उशाशी घेऊन झोपले.

पहिल्यांदा मला शेलारमामाच आठवले. गोष्ट तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. तानाजीच्या घरी रायबाचं लग्न, आमंत्रण द्यायला मंडळी महाराजांकडे गेलेली, आणि तिथे कोंढाण्याची कामगिरी समोर आली. आधी लग्न कोंढाण्याचं, मग रायबाचं! पोवाड्यातले शेलारमामा ऐंशी वर्षांचे आहेत. या वयात भाच्याबरोबर लढाईला निघाले. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री गड आला आणि सिंह गेला, हे तर दुसरीतला मुलगाही सांगेल. म्हटलं, हेच लिहावं उत्तर म्हणून. आधी गाव, मग घर. झालं.

पण लिहायला बसले आणि अडले. रायबाच्या आईचं काय? मांडव घालायची तयारी चाललेली, आणि घरचा माणूस निरोप पाठवतो की लग्न राहू दे. ती काय म्हणाली असेल? हसत हसत हो म्हणाली? की आत जाऊन रडली? गोष्ट सांगताना आपल्याला कधी हा प्रश्न पडत नाही. मलाही इतकी वर्षं पडला नव्हता.

जी माणसं लोकांसाठी आयुष्य देतात त्यांच्या घरातल्या माणसांना काय वाटतं, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. पण एका बाईंनी ठेवलंय. त्यांची गोष्ट सांगते. त्यासाठी जरा कुडपणचा डोंगर उतरून समुद्राच्या दिशेने, दापोली तालुक्यातल्या मुरूडला जावं लागेल. (रायगड जिल्ह्यातल्या मुलांनी गोंधळू नये. तुमचं मुरूड-जंजिरा वेगळं, हे रत्नागिरी जिल्ह्यातलं.)

या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. महर्षी कर्वे म्हणून धड्यात भेटतात ते. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवलीला. घरची गरिबी. सतरा वर्षांचे असताना त्यांना सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. समुद्र खवळलेला, मुंबईला बोट मिळेना. दुसरं केंद्र साताऱ्याला. मग काय, बरोबरीच्या मुलांसोबत हा मुलगा निघाला पायी! शंभर मैलांच्या वर चाल, कुंभार्ली घाट, पाऊस, रात्रीचं रान, चार दिवस. पोचल्यावर साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. दाखला दाखवला तरी नाहीच. परत पाठवलं. पुढच्या वर्षी कोल्हापूरला परीक्षा दिली आणि पास झाले. ही १८७५ ची गोष्ट. सह्याद्री पायी चढणं म्हणजे काय ते कुडपणच्या मुलांना मी सांगायला नको.

हे कर्वे पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर झाले. लोक त्यांना अण्णा म्हणत. गावासाठी काहीतरी करायची खोड मात्र पहिल्यापासूनची. 'मुरूड फंड' नावाची एक कल्पना त्यांनी काढली. गाव सोडून नोकरीला गेलेल्या प्रत्येकाने आपल्या कमाईतला ठरलेला एक लहानसा हिस्सा गावासाठी द्यायचा. म्हणजे आजच्या मुंबईकर मंडळाची वर्गणीच म्हणा ना! हिशोब चोख, पैशापैशाची नोंद. कुडपणच्या आजोबांची वही बघितली असती तर अण्णा खूश झाले असते.

आता ज्यांची गोष्ट सांगायची त्या बाई. देवरूखच्या जोशांची गोदू. आठव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा वारला. आठ वर्षांची विधवा! तिला ना लग्नाचा अर्थ ठाऊक ना वैधव्याचा. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य म्हणजे कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या घरची कामं. गोदूच्या भावाला, नरहरपंतांना, हे पाहवेना. हे नरहरपंत अण्णांचे जिवलग मित्र. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा त्यांनी आपल्या बहिणीला तिथे शिकायला घातलं. सदनात शिकायला आलेली ती पहिली विधवा.

अण्णांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं, आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. त्या आनंदीबाई झाल्या. घरात, आणि पुढे साऱ्या महाराष्ट्रात, बाया कर्वे.

लग्न झालं आणि मुरूडने अण्णांवर बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी फंड जमवला त्याच गावाने! गावकऱ्यांनी ठराव केला, त्यांच्या शेजारी कोणी बसायचं नाही. गावातल्या आईला आणि भावाला त्यांना घरात घेण्याची चोरी झाली. अण्णांनी गावावर राग धरला नाही, असं सगळी पुस्तकं सांगतात. बायांना किती राग आला असेल हे मात्र मला पुस्तकाशिवाय कळतं.

१८९६ मध्ये अण्णांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, त्यात आपल्या साठवणीतले एक हजार रुपये घातले. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. तिथे होतं काय? माळरान आणि सुमारे पाचशे रुपयांत उभी केलेली एक झोपडी. रस्ता म्हणजे पायवाट, पावसात चिखल. अण्णा दिवसा कॉलेजात शिकवायचे, संध्याकाळी चार मैल चालत हिंगण्याला जायचे, जाताना आश्रमाचं सामान खांद्यावर. रात्री तिथल्या मुलींना शिकवायचं, सकाळी पुन्हा चालत पुण्याला. असं एक दिवस नाही, वर्ष-दोन वर्षं.

आणि घरी कोण? बाया. लहान मुलं, आलागेला, प्रोफेसराच्या पगारातला आश्रमाला देऊन उरेल तो पैसा. त्यातून एक विचित्र गोष्ट अशी, की विधवांच्या आश्रमात पुनर्विवाह केलेल्या बायांना मोकळेपणाने वावरता येत नसे. पालकांनी मुली पाठवायच्या बंद केल्या असत्या ना! म्हणजे नवरा आश्रमाचा, पैसा आश्रमाचा, आणि ती मात्र दाराबाहेर. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, त्या आश्रमात शिकल्या आणि पुढे आश्रमासाठी निधी गोळा करायला थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. बहिणीला जागा होती. बायांना नव्हती.

मग आली विम्याची गोष्ट. हीच मला आमच्या कुडपणच्या मुलीला सांगायची आहे.

अण्णांचा आयुष्याचा विमा होता. आपलं काही बरंवाईट झालं तर बायकोमुलांच्या हाती चार पैसे असावेत म्हणून. एक दिवस बायांना कळलं की तोही अण्णांनी आश्रमाला देऊन टाकला. त्यांना अगोदर विचारलं नव्हतं. बाया संतापल्या, रडल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: उद्या तुम्ही नसाल तर या मुलांना घेऊन मी कोणाच्या दारात उभी राहू? आठव्या वर्षापासून ज्या बाईने परक्याच्या दारातलं जिणं पाहिलंय तिचा हा प्रश्न होता. तो हावरटपणाचा प्रश्न नव्हता.

आता माझं मत सांगते, थोर माणसाबद्दल असं लिहू नये असं कोणाला वाटलं तरी. अण्णांनी पैसे दिले हे मला पटतं. न विचारता दिले हे पटत नाही. आश्रमातल्या बायकांना स्वतःचं मत असावं म्हणून हा माणूस रोज आठ मैल तुडवत होता. मग घरातल्या बाईचं मत विचारायला चार पावलं जड का व्हावीत? अण्णांनी आपल्या आत्मवृत्तात स्वतःच्या वागण्याचा प्रामाणिक हिशोब मांडलाय, बायांना किती सोसावं लागलं हेही ते जाणून होते. पण जाणणं नंतरचं. विचारणं आधीचं.

बाया मात्र रडून बसल्या नाहीत. उद्या वेळ आली तर आपल्या पायावर उभं राहता यावं म्हणून मुलं पदरात असताना त्या सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या. आणि गंमत बघा, ज्या संस्थेपायी घरात भांडण झालं तिच्याचसाठी त्या पुढे स्वतः वर्गणी गोळा करायला लागल्या. कोणी भेटलं, ओळखीचं असो वा नसो, की बायांचं आश्रमाबद्दल सुरू. दोन आणे द्या, चार आणे द्या. कोणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे. आता ते काम त्यांना आपलं वाटत होतं.

हे सगळं आपल्याला कळलं कसं? कावेरीबाई कर्वे ही त्यांची सून. तिने बायांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि 'माझे पुराण' नावाचं पुस्तक झालं. आईबाबांनो, हे तुमच्यासाठी: मिळालं तर अवश्य वाचा. भाषा अगदी ओट्यावर बसून बोलल्यासारखी. राग आला तिथे राग, हसू आलं तिथे हसू. थोर माणसाची बायको म्हणून गोड गोड काही नाही.

अण्णांची कामं पुढे वाढतच गेली. ती सगळी सांगत बसले तर हा अंक पुरणार नाही. १९१६ मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ निघालं, तेच आजचं मुंबईचं एस. एन. डी. टी. मला त्यांचं एक काम जास्त आवडतं, आणि ते धड्यात सहसा नसतं. १९३६ साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा काढायची. डोंगरातली, वाटेपासून दूरची, कोणाच्या ध्यानात नसलेली खेडी. त्यासाठी हे म्हातारे गृहस्थ पुण्यात घरोघर फिरून वर्गणी मागत. विद्यापीठ काढलेला माणूस जिने चढून चार आण्यांची मागणी करतोय! कोणी दार लावून घेत असेल, कोणी 'पुढच्या महिन्यात या' म्हणत असेल. ते पुढच्या महिन्यात परत जात.

बाया १९५० च्या नोव्हेंबरात गेल्या. अण्णांना १९५८ साली, शंभरीच्या वर्षी, भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला, एकशेचार वर्षांचे असताना, ते गेले. मुलं? ज्यांची बायांना काळजी होती ती सगळी शिकली, नावारूपाला आली. दिनकरराव फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेले, आणि तिथे जायचं म्हणून बायांनी अण्णांबरोबर बोटीने समुद्र ओलांडला. धाकटे भास्करराव आणि कावेरीबाई हिंगण्यातच कामाला राहिली.

आता पुन्हा कुडपणला.

बाळ, तुझ्या भागात २२ जुलै २०२१ ला काय झालं ते तुला आठवत असेल, नाहीतर घरात ऐकलं असशील. महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. तुमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळ्याला आणि साखरच्या सुतारवाडीला तेच. सगळीकडे पाणी, रस्ते तुटलेले, फोन लागत नव्हते, बाहेरची मदत वेळेवर पोचेना. अशा वेळी आधी कोण धावतं? शेजारच्या वाडीतली, तुझ्या आजोबांसारखी माणसं. ज्यांना कोणाच्या घरात किती माणसं आहेत हे वही न बघता माहीत असतं. तशी माणसं गावात नसतील तर काय होईल, याचा मी विचारसुद्धा करू शकत नाही. त्या आजारी माणसाला गाडी मिळाली नसती तर? तुला बरं वाटलं हे तू लिहिलंस, ते खरंच आहे.

आणि रडू आलं हेही खरं. तू वाईट नाहीस. सहलीचे पैसे गेले तर कोणाला रडू येणार नाही? तू काही दगड नाहीस. आजीही वाईट नाही. त्या डब्यात पैसे कसे जमले ते तिला ठाऊक होतं. बहुतेक अंडी विकून, किंवा नाचणीच्या पैशातून बाजूला काढून. आजोबांनी एका झटक्यात दिले, तिने महिना महिना साठवले होते. लोक आजोबांना देवमाणूस म्हणतात. पण त्या गाडीभाड्यात आजीचेही पैसे होते आणि तुझीही सहल होती. म्हणजे त्या माणसाला महाडला पोचवलं ते तुम्ही तिघांनी. दोघींना कोणी विचारलं नाही एवढंच.

तेव्हा एक कर. संध्याकाळी आजोबा वही घेऊन बसतील तेव्हा त्यांच्या शेजारी जाऊन बस. भांडू नकोस, रुसून तर मुळीच नको. सांग की आजोबा, पुढच्या वेळी डबा उघडायच्या आधी मला आणि आजीला हाक मारा. आम्ही नाही म्हणणार नाही. बहुतेक. 'बहुतेक' हा शब्द आजीच्या वतीने घातलाय, तो गाळू नकोस. आणि जमलं तर वहीत त्या दिवसाच्या गाडीभाड्यापुढे तुझं आणि आजीचं नाव लिहायला सांग. हिशोब चोख असलेला बरा.

आजोबा काय म्हणाले ते मला कळव. आजी काय म्हणाली ते तर नक्कीच कळव, जशीच्या तशी, म्हणीसकट.

आणि सहल कुठे गेली होती ते तू लिहिलंच नाहीस! पुण्याला गेली असेल तर फार हळहळू नकोस. कधी पुण्याला आलीस तर आजोबा-आजी दोघांना घेऊन कर्वेनगरला जा. तेच जुनं हिंगणं. आता तिथे माळरान नाही, रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. पण कर्व्यांच्या संस्थेच्या आवारात ती पहिली झोपडी जपून ठेवलीय. आजोबांना ती दाखव. आणि तिथेच उभं राहून आजीला विम्याची गोष्ट सांग.